धावत्या इंजिनाची नोंदवही

अमेरिकेत १९९६ सालच्या नमुन्यापासून विकल्या गेलेल्या प्रत्येक मोटारगाडीत, स्टिअरिंगच्या खालच्या बाजूस, चालकाच्या गुडघ्यांच्या आसपास, सोळा खाचांचे एक सॉकेट असते. समोरच्या फलकावर इंजिनाच्या आकृतीचा पिवळा दिवा लागेपर्यंत बहुतेक मालकांना त्याचा पत्ताही नसतो. दिवा लागला, की गाडी गॅरेजमध्ये उभी केली जाते, सॉकेटला वाचकयंत्र जोडले जाते आणि एक सांकेतिक क्रमांक हाती येतो. त्या क्रमांकाच्या भरवशावर एखादा महागडा भाग बदलला जातो, दिवा विझतो आणि काही दिवसांनी पुन्हा लागतो. जुन्या स्पोर्ट्स मोटारी बाळगणाऱ्यांना हा अनुभव नवा नाही. क्रमांक दोषाचे लक्षण सांगतो, दोषाचे कारण सांगत नाही. कारण शोधायचे तर गाडी धावत असताना तिच्या संगणकाला प्रश्न विचारत राहावे लागते आणि मिळालेली उत्तरे वेळेसह टिपून ठेवावी लागतात.

ही सोय मुळात मालकांसाठी केलेली नव्हती. १९४०नंतरच्या दशकात लॉस एंजेलिस शहरावर डोळे चुरचुरणारे धुके वारंवार साचू लागले. मोटारींच्या धुरातील न जळलेले इंधन आणि नायट्रोजनची ऑक्साइडे यांच्यावर सूर्यप्रकाशाची क्रिया होऊन ते निर्माण होते, हे आरी हागेन-स्मिट या रसायनशास्त्रज्ञाने १९५०च्या सुमारास दाखवून दिले. प्रदूषणावरील नियम त्यानंतर हळूहळू कडक होत गेले. परंतु नवी असताना स्वच्छ असलेली गाडी जुनी होता होता किती धूर ओकू लागते, हे तिच्या चालकालाही कळत नाही. म्हणून गाडीने स्वतःच स्वतःवर नजर ठेवावी, असा दंडक कॅलिफोर्नियाने १९८८ सालच्या नमुन्यांपासून घातला. त्या पहिल्या पिढीत प्रत्येक कारखान्याचे सॉकेट निराळे आणि भाषाही निराळी. ओबीडी-२ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या दुसऱ्या पिढीने ही बजबजपुरी संपवली. भारतात भारत स्टेज-४च्या चारचाकी वाहनांना ही दुसरी पिढी एप्रिल २०१३ पासून लागू झाली.

उदाहरणादाखल १९९६ सालची माझदा एमएक्स-५ ही गाडी घेऊ. अमेरिकेत ती मिआटा या नावाने विकली जात असे. फेब्रुवारी १९८९ मध्ये शिकागोच्या प्रदर्शनात ही दोन आसनांची, उघड्या टपाची जपानी गाडी प्रथम लोकांपुढे आली. १९९६च्या नमुन्यात १,८३९ घन सेंटिमीटरचे, १३३ अश्वशक्तीचे चार सिलिंडरांचे इंजिन होते. या गाडीचा संगणक बाहेरच्या यंत्राशी एकाच तारेवरून बोलतो आणि तोही सेकंदाला १०,४०० बिट इतक्या वेगाने. संभाषणाची सुरुवात तर याहून संथ असते. वाचकयंत्राला आपली हाक सेकंदाला केवळ ५ बिट या गतीने पाठवावी लागते. त्यातच दोन सेकंद जातात. एक उत्तर आले, की पुढचा प्रश्न विचारण्यापूर्वी निदान ५५ मिलिसेकंद थांबावे लागते. उलट पाच सेकंद काहीच विचारले नाही, तर संभाषण संपले असे संगणक धरून चालतो आणि पुन्हा पहिल्यापासून हाक द्यावी लागते.

उत्तरे मिळतात ती आकड्यांच्या रूपात. इंजिनाच्या फेऱ्यांसाठी दोन आकडे येतात. पहिल्याला २५६ने गुणून त्यात दुसरा मिळवायचा आणि बेरजेला ४ने भागायचे. ४६ आणि २२४ हे आकडे आले, तर मिनिटाला ३,००० फेऱ्या. पाण्याच्या तापमानासाठी एकच आकडा येतो, त्यातून ४० वजा करावे लागतात. हे गणित नोंद करणारी आज्ञावली आपोआप करते. तरीही ते ठाऊक असलेले बरे, कारण वेगासारखी राशी ताशी पूर्ण किलोमीटरांतच मिळते. त्याहून बारीक काही त्या नोंदीतून काढू पाहणे व्यर्थ होय.

प्रश्न, प्रतीक्षा, उत्तर आणि पुन्हा प्रतीक्षा हे सारे धरले, तर अशा गाडीकडून सेकंदाला पाच-सहा उत्तरे मिळतात. अमेरिकेत २००८ सालच्या नमुन्यापासून सक्तीच्या झालेल्या कॅन या नव्या पद्धतीत तारेवरचा वेग सामान्यतः सेकंदाला पाच लाख बिट असतो. तिच्या तुलनेत हे संभाषण म्हणजे टपालाने चाललेला पत्रव्यवहारच. हौशी माणूस येथेच फसतो. संगणक देऊ करतो म्हणून तो दहा-बारा राशींची यादी मागतो. मग प्रत्येक राशीची पाळी दोन सेकंदांनी येते. दुसऱ्या गिअरमध्ये अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबला, तर ही गाडी ४,००० फेऱ्यांवरून ७,०००वर चार-पाच सेकंदांत जाते. म्हणजे ज्या चढाईसाठी सारा खटाटोप केला, तिचे दोन किंवा तीनच ठिपके हाती लागतात. शिवाय तक्त्यात एका ओळीत छापलेले आकडे एकाच क्षणाचे नसतात. फेऱ्या आधीच्या असतात, हवेचा आकडा नंतरचा असतो. तेव्हा एका फेरीत तीन राशी, फार तर चार, एवढाच संसार आटोपशीर.

नोंद घेण्याआधी दोन गोष्टी पाळाव्यात. साठवलेला क्रमांक पुसू नये. दोष उमटला त्या क्षणी फेऱ्या किती होत्या, भार किती होता, पाणी किती तापले होते, हे संगणकाने त्याच्यासोबत जपून ठेवलेले असते आणि पुसताना तेही जाते. दुसरी गोष्ट जिवाशी गाठ घालणारी आहे. सॉकेट पायांच्या वरच असल्याने लोंबणारी तार ब्रेकच्या पेडलखाली अडकू शकते. ती वर बांधून घ्यावी, नोंद गाडी हलण्यापूर्वी सुरू करावी आणि पडदा चालकाने नव्हे, शेजारच्या आसनावरील माणसाने पाहावा. पूर्ण भाराची चाचणी बंदिस्त धावपट्टीवरच करावी. परतल्यावर यंत्र काढून ठेवावे, कारण सॉकेटच्या सोळाव्या खाचेला बॅटरीचा प्रवाह कायम मिळत असतो आणि पंधरवडाभर न हललेल्या गाडीची बॅटरी त्यामुळे उतरू शकते.

आता समजा, पी०१७१ हा क्रमांक उमटला आहे. त्याचा अर्थ मिश्रण विरळ आहे, म्हणजे हवेच्या मानाने इंधन कमी पडते आहे. पेट्रोलच्या एका भागाला वजनाने सुमारे १४.७ भाग हवा लागते. धुराच्या नळीतील ऑक्सिजन-संवेदक प्रमाण कोणत्या बाजूला झुकले ते सांगतो आणि संगणक त्याप्रमाणे इंधन वाढवतो किंवा घटवतो. या वाढ-घटीचे शेकडा प्रमाण म्हणजे कारागिरांच्या बोलीतील फ्युएल ट्रिम. तात्कालिक ट्रिम क्षणोक्षणी हलते. दीर्घकालीन ट्रिम हे संगणकाने अनुभवाने बसवलेले मत होय. दोन्हींची बेरीज घ्यावी. अधिक चिन्ह असले, तर इंधन वाढवावे लागत आहे असे समजावे.

ही बेरीज कोणत्या भाराला वाढते, यावर सारे निदान अवलंबून आहे. हवा मोजणाऱ्या संवेदकाच्या पुढे रबरी नळीला चीर गेली असेल, तर न मोजलेली हवा आत शिरते. इंजिन उभ्या गाडीत मंद चालत असताना ते सेकंदाला जेमतेम तीन ग्रॅम हवा घेते. त्यात चिरेतून ०.३ ग्रॅम आली, की दहा टक्क्यांची चूक झाली. तेच इंजिन वेगात ६० ग्रॅम घेत असताना तेवढीच हवा जेमतेम अर्धा टक्का भरते. शिवाय थ्रॉटल उघडल्यावर आतली पोकळी कमी होऊन गळतीही घटते. म्हणजे आयडलला ट्रिम मोठी आणि वेगात नगण्य, अशी नोंद आली, तर संशय नळीवर घ्यावा. पेट्रोलचा पंप थकला असेल किंवा गाळणी तुंबली असेल, तर चित्र नेमके उलटे दिसते. आयडलला सारे ठीक आणि चढावर ट्रिम वाढत जाते. उभ्या गाडीत हा दुसरा दोष दिसतच नाही. गॅरेजमध्ये त्याच्यावर पांघरूण पडते ते यामुळे.

चढावरची ट्रिम हवेच्या संवेदकावर धूळ वा तेल बसल्यानेही वाढते. पंप आणि संवेदक यांच्यात निवड करण्यासाठी पूर्ण भाराची एक नोंद लागते. त्या वेळी फेऱ्या, हवेचे वजन आणि ऑक्सिजन-संवेदकाचा दाब या तीनच राशी मागाव्यात. सेकंदाला एक ग्रॅम हवेमागे ढोबळमानाने सव्वा अश्वशक्ती धरतात. तेव्हा १३३ अश्वशक्तीच्या निरोगी इंजिनाने कमाल शक्तीच्या फेऱ्यांजवळ १०५ ग्रॅमच्या आसपासचा आकडा दाखवावा. तो ७५वरच अडला आणि गाडी मात्र नेहमीसारखी पळत असेल, तर मोजणारा चुकतो आहे. हवा योग्य दिसते, पण ऑक्सिजन-संवेदकाचा दाब ०.८ व्होल्टच्या वर राहण्याऐवजी खाली घसरतो, तर इंधन कमी पडते आहे.

ही दुसरी स्थिती आढळली, तर चाचणी तेथेच थांबवावी. पूर्ण भाराला संगणक ऑक्सिजन-संवेदकाचे ऐकत नाही. ठरलेल्या कोष्टकाप्रमाणे जादा इंधन सोडण्याचा हुकूम तो देतो आणि ते पोचले असे गृहीत धरतो. पंप दुबळा असला, तर ही तूट कोणीही भरून काढत नाही. मिश्रण विरळ होते, सिलिंडरातील उष्णता वाढते, इंधन अवेळी पेट घेऊ लागते आणि पिस्टनचा माथा किंवा झडपा जळू शकतात. फलकावरचा काटा त्याची चाहूल देत नाही. १९९५ पासूनच्या मिआटात तेलाच्या दाबाचा काटाही केवळ एका स्विचवर चालतो. दाब आहे किंवा नाही, एवढेच तो सांगतो.

दुरुस्तीनंतर तोच रस्ता, तोच गिअर आणि त्याच तीन राशी घेऊन पुन्हा नोंद करावी. ट्रिम खाली आलेली दिसल्यावरच क्रमांक पुसावा. पुसल्यावर संगणकाची दीर्घकालीन मते आणि त्याने पुऱ्या केलेल्या स्वतपासण्या दोन्ही कोऱ्या होतात. कॅलिफोर्नियाच्या धूर-तपासणीत अशी कोरी गाडी परत पाठवली जाते. थंड इंजिनापासून सुरू झालेले काही दिवसांचे साधे, मिश्र वेगाचे चालवणे झाले, की त्या तपासण्या पुन्हा पुऱ्या होतात. त्या झाल्या की नाही, हेही त्याच सॉकेटवर विचारता येते.