सेकंदात मोजलेलं तेल

"मॅडम, हिशोब बरोबर केलाय, तरी लेथ ओरडतोय." गेल्या पावसाळ्यात इचलकरंजीहून माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याचा फोन आला. त्याने भंगारातून एक विलायती लेथ उचलला होता. हेडस्टॉकवरच्या पितळी पट्टीवर तेलाबद्दल एकच ओळ होती : रेडवुड १२० सेकंद, १४० अंश फॅरनहाइट. दुकानात मात्र तेलाचे डबे ३२ नंबर, ४६ नंबर, ६८ नंबर असे मिळतात. याने पुस्तकातलं सूत्र काढून सेकंदांचे सेंटिस्टोक केले. उत्तर आलं २९. त्याला जवळचा डबा ३२ चा, म्हणून तोच ओतला. दोन तासांत गिअरमधून घरघर सुरू झाली.

त्याचा गुणाकारही बरोबर होता आणि भागाकारही. चूक कुठे होती ते सांगते, पण आधी हे सेकंद कुठून आले ते बघू.

मी तंत्रनिकेतनच्या प्रयोगशाळेत सव्वीस वर्षं रेडवुडचं यंत्र मुलांकडून चालवून घेतलं. बाहेर पाण्याचं भांडं, त्याच्या मधोमध चांदीचा मुलामा दिलेली वाटी आणि वाटीच्या बुडाशी अकीकात पाडलेलं बारीक भोक. भोकावर तारेच्या टोकाची गोळी बुचासारखी बसते. तेल खुणेच्या काट्याच्या टोकापर्यंत भरायचं, हवं ते तापमान येईपर्यंत पाणी ढवळत राहायचं, मग गोळी उचलायची आणि त्याच क्षणी स्टॉपवॉच दाबायचं. धार आधी काचेच्या काडीसारखी सरळ पडते, शेवटी शेवटी बारीक होते. खालच्या अरुंद मानेच्या चंबूत ५० मिलिलिटरच्या खुणेला तेल टेकलं की घड्याळ थांबवायचं. जेवढे सेकंद लागले तेवढे 'रेडवुड सेकंद'. घाईची मुलं तापमान स्थिरावण्याआधीच गोळी उचलायची आणि शेजारच्या टेबलाशी आकडा जुळला नाही की यंत्राला दोष द्यायची.

रेडवुड इंग्लंडचा. अमेरिकेने सेबोल्टचं यंत्र धरलं : त्याचं भोक वेगळं आणि तेल ६० मिलिलिटर. जर्मनीच्या एंग्लरने २०० मिलिलिटर घेतलं आणि तेलाच्या वेळेला पाण्याच्या वेळेने भागलं, म्हणून त्याचे 'अंश'. जे तेल १०० सेंटिस्टोकचं, ते रेडवुडवर ४०५ सेकंदांच्या आसपास, सेबोल्टवर ४६० च्या आसपास आणि एंग्लरवर साधारण १३ अंश भरतं. जुन्या यंत्रावर नुसतं 'सेकंद' लिहिलेलं दिसलं, तर आधी ते यंत्र कोणत्या देशातलं ते शोधावं.

सेंटिस्टोक हे नाव जॉर्ज गेब्रिएल स्टोक्स या शास्त्रज्ञावरून आलं. एक सेंटिस्टोक म्हणजे सेकंदाला एक चौरस मिलिमीटर. २० अंश सेल्सियसचं पाणी जवळपास एवढंच भरतं. दाटपणा चौरसात कसा, हा प्रश्न दरवर्षी एखादी तरी मुलगी विचारायची. द्रवाच्या चिकटपणाला त्याच्या घनतेने भागलं की उरणारं एकक तसंच येतं. मी पाऱ्याचं उदाहरण द्यायची. पारा पाण्याच्या दीडपट चिकट, पण साडेतेरापट जड. भागाकार केला की पाण्याच्या नवव्या हिश्शाएवढा आकडा येतो. भोकातून स्वतःच्याच वजनाने वाहायचं असेल तेव्हा हा भागलेला आकडाच कामाचा.

चौरस फुटातलं रूपांतर सरळ आहे, आण्याचे नवे पैसे करावेत तसं. एक फूट म्हणजे ३०४.८ मिलिमीटर. त्याचा वर्ग केला की सेकंदाला एक चौरस फूट म्हणजे ९२,९०३.०४ सेंटिस्टोक. वर्ग करायला विसरून एकदाच गुणणारे इंजिनिअर मी पाहिलेत, नावं सांगत नाही.

सेकंदांचं तसं नाही. रेडवुडची वेळ १०० सेकंदांच्या वर असेल, तर वेळेला ०.२४७ ने गुणायचं आणि त्यातून ५० भागिले वेळ एवढं वजा करायचं. तेलाच्या वजनाचा थोडा भाग घर्षणात न जाता धारेला वेग देण्यात खर्च होतो, त्याची ही वजाबाकी. १२० सेकंदांचे २९.६४ वजा ०.४२, म्हणजे २९.२२. माझ्या विद्यार्थ्याचं गणित इथवर चोख होतं.

पण पट्टीवरचे १४० अंश फॅरनहाइट म्हणजे ६० अंश सेल्सियस. डब्यावरचा नंबर मात्र ४० अंशांना मोजलेला असतो. तेल तापलं की झपाट्याने पातळ होतं. ३२ नंबरचं तेल ६० अंशांना साधारण १५ सेंटिस्टोकवर येतं, म्हणजे लेथला हवं त्याच्या निम्म्यावर. ६८ नंबरचं त्याच तापमानाला २८-२९ च्या घरात असतं. पट्टीला तेच हवं होतं.

मी त्याला फोनवर एवढंच विचारलं, "तापमान कुठे गेलं?" तो थोडा वेळ गप्प होता. मग हसला.

त्याने ३२ उपसून ६८ भरलं. घरघर बरीच कमी झाली. उरलेली बेअरिंगची आहे, ती तेलाने जायची नाही.