घरचं ऐकणं, लेखांक ६ : डॅक उरकून टाका, प्लेअर पारखून घ्या

स्पीकर निवडायचे कसे आणि भिंतीपासून किती लांब ठेवायचे, हे मागच्या लेखांकात झालं. आता त्यांना गाणं पुरवायचं कशातून, ते पाहू. सीडी प्लेअर माळ्यावर गेले; गाणी हार्ड डिस्कवर आहेत, नाहीतर इंटरनेटवर. तिथून ॲम्प्लिफायरपर्यंत दोन कामं व्हावी लागतात. फाइल शोधून तिच्यातले आकडे क्रमानं बाहेर काढायचे, हे प्लेअरचं काम. बाजारात त्याला स्ट्रीमर म्हणतात. त्या आकड्यांचा विजेचा चढउतार करायचा, हे कन्व्हर्टरचं, म्हणजे डॅकचं. दोन्ही एकाच डब्यात मिळतात, तरी विचार वेगवेगळा करा. दुकानात सगळं बोलणं डॅकवर येतं आणि पुढची डोकेदुखी मात्र प्लेअर देतो.

डॅक आधी उरकू. सीडीवर आवाजाची नोंद सेकंदाला ४४,१०० वेळा होते. हा आडनिडा आकडा व्हिडिओ टेपमुळे आला. सीडीच्या आधीच्या काळात एवढी डिजिटल माहिती मावेल अशी सोयीची टेप म्हणजे व्हिडिओचीच, आणि तिच्यात चित्राच्या प्रत्येक ओळीवर तीन नोंदी बसवत. २४५ ओळी, सेकंदाला ६० वेळा, ओळीमागे ३ : गुणाकार करून पाहा. युरोपातल्या पद्धतीच्या २९४ ओळी आणि ५० वेळा धरल्या तरी उत्तर तेच येतं! एवढ्या नोंदींतून २२ किलोहर्ट्झपर्यंतचा आवाज परत उभा करता येतो आणि तरुण, धडधाकट कानाची मजलही २०च्या आसपास संपते. १६ बिट म्हणजे ६५,५३६ पायऱ्या, साधारण ९६ डेसिबलचा पल्ला. जुन्या मैफलींच्या टेपमधला सूंऽऽ आवाज याच्या तळापेक्षा कितीतरी वर असतो. तीच मैफल ‘२४ बिट, १९२ किलोहर्ट्झ’ असा शिक्का मारून जास्त पैशांना विकत घेतली, तर तो सूंऽऽ तेवढा अधिक बारकाईनं मिळतो.

ब्रॅड मेयर आणि डेव्हिड मोरान यांनी २००७ साली प्रसिद्ध केलेली चाचणी इथे आठवते. वरच्या दर्जाची डिस्क एकदा जशीच्या तशी आणि एकदा सीडीच्या दर्जातून गाळून ऐकवली. कुठली कोणती हे ओळखायचं. ५५४ पैकी २७६ उत्तरं बरोबर आली. नाणं उडवलं असतं तरी इतकीच आली असती. न्यायाला धरून हेही सांगतो, की २०१६ मध्ये लंडनच्या जोशुआ राइस यांनी अशा १८ प्रयोगांची एकत्र पडताळणी केली, तेव्हा बरोबर उत्तरं ५२ टक्क्यांच्या जरा वर गेली आणि कान तयार केलेल्यांची त्याहून अधिक. म्हणजे फरक असेलही, पण तो सरासरी दोन टक्क्यांचा. तोही फाइलींमधला. दोन बऱ्या डॅकांमधला फरक ऐकू येण्यासाठी मी पैसे मोजणार नाही. ते स्पीकरवर घालीन.

मग दुकानात महागडा डॅक सरस का वाटतो? बऱ्याचदा तो जोरात वाजतो म्हणून. सीडी प्लेअरमधून साधारण २ व्होल्ट निघतात. फोनला लावायच्या शेपटीवजा डॅकमधून १ किंवा त्याहून कमी. दुप्पट व्होल्ट म्हणजे ६ डेसिबलची वाढ, आणि जरासा मोठा आवाज कानाला नेहमी ‘मोकळा’ वाटतो. तेव्हा दोन डॅक शेजारी ठेवून ऐकायचे तर आधी दोघांचा आवाज सारखा करून मागा. विक्रेता टाळाटाळ करू लागला तर काय ते ओळखा.

डॅकवर बघायचं ते मागच्या बाजूला, जोडण्यांमध्ये. डेस्कटॉप कॉम्प्युटर यूएसबीनं डॅकला आणि डॅक ॲम्प्लिफायरला जोडला, की आपल्याकडच्या अर्थिंगच्या तऱ्हेमुळे पुष्कळ घरांत स्पीकरमधून घूंऽऽ सुरू होतं. ऑप्टिकल केबलमधून प्रकाश जातो, वीज नाही. त्यामुळे त्या वाटेनं घुरघुर शिरत नाही. टीव्हीचा आवाजही बहुधा याच भोकातून घेता येतो. म्हणून ऑप्टिकलची सोय असलेला डॅक घ्या. आणि नव्या केबलच्या दोन्ही टोकांना नखाएवढ्या पारदर्शक टोप्या असतात, त्या काढा. टोपीसकट केबल जोराने खुपसून ‘मशीन बिघडलं’ म्हणून परत करायला निघालेले लोक असतात.

आता प्लेअर. पहिली परीक्षा शास्त्रीय संगीत ऐकणाऱ्यांसाठी. विलंबित ख्याल एका ट्रॅकवर आणि द्रुत पुढच्या, मध्ये गाणं कुठेच थांबलेलं नाही, अशी रेकॉर्डिंग ढिगानं आहेत. पुष्कळ प्लेअर दोन फाइलींच्या मध्ये क्षणभर गप्प बसतात. सिनेमाच्या गाण्यांत ते जाणवतही नाही. इथे तानपुरा तुटतो आणि समेवर येता येता मन उडतं. मध्ये न तुटता वाजण्याला गॅपलेस प्लेबॅक म्हणतात, आणि माहितीपत्रकात तसं छापलेलं असलं तरी हार्ड डिस्कवरून आणि फोनवरून, दोन्हीकडून वाजवून बघा. एकीकडून चालतं ते दुसरीकडून चालेलच असं नाही. एमपीथ्रीमध्ये फाइलीच्या दोन्ही टोकांना थोडी शांतता मुळातच चिकटते, तेव्हा स्वतःच्या सीडी उतरवायच्या तर एफएलएसी या प्रकारच्या फाइलींमध्ये उतरवा. त्यात रागाचं नाव ठेवायला वेगळा रकानाही करता येतो. मात्र बरेच प्लेअर तो रकाना दाखवतच नाहीत, त्यांना गायक आणि अल्बम एवढंच कळतं. तोवर ट्रॅकच्या नावातच राग लिहिणं बरं.

दुसरी परीक्षा आयुष्याची. गूगलचं क्रोमकास्ट ऑडिओ नावाचं डबीएवढं स्ट्रीमर २०१५ मध्ये आलं. स्वस्त आणि चांगलं. २०१९ मध्ये विक्री बंद झाली. मार्च २०२५ मध्ये जगभर या डब्या एकाएकी मुक्या झाल्या, कारण आतल्या डिजिटल प्रमाणपत्राची मुदत संपली होती. दुरुस्ती आली, पण आतला डॅक ठणठणीत असताना कंपनीच्या दुरुस्तीवाचून तो काही कामाचा नव्हता. याउलट लॉजिटेकचे स्क्वीझबॉक्स हे स्ट्रीमर पाहा. त्यांचं उत्पादन २०१२ मध्ये थांबलं, कंपनीची ऑनलाइन सेवाही २०२४ मध्ये मिटली, तरी ते आजही वाजतात. गाणी पुरवणारं सॉफ्टवेअर मुक्त स्रोताचं होतं. ते आता लिरियन म्युझिक सर्व्हर या नावानं हौशी मंडळी सांभाळतात. थोडी खटपट जमत असेल तर रास्पबेरी पाय या छोट्या कॉम्प्युटरवर पायकोअरप्लेअर हे सॉफ्टवेअर टाकून तसाच प्लेअर घरी होतो. फक्त पायच्या हेडफोनच्या भोकावर विसंबू नका, वेगळा यूएसबी डॅक लावा.

खटपट नको असेल तर तयार स्ट्रीमर घ्या, पण घेण्याआधी एक गोष्ट दुकानातच करा. पेनड्राइव्हवर तुमची दोन ट्रॅकची मैफल न्या, वायफायचं इंटरनेट बंद करायला सांगा आणि मग वाजवा. नोंदणी आणि लॉगिनशिवाय जो डबा तुमचीच फाइल वाजवत नाही, तो तिथेच ठेवा. ॲम्प्लिफायरच्या वॅटचा घोळ पुढच्या आठवड्यात.