नळीच्या तोंडाला आटे हवेत का?

मागच्या रविवारी अकोल्याहून मामेभावाचा फोन आला. पोरगा पन्नास मीटर रायफल नेमबाजी करतो. चार वर्षं क्लबच्या रायफलवर काढली, आता परवाना हातात आलाय आणि यंदाच्या कपाशीच्या पैशातून मामा त्याला स्वतःची रायफल घेऊन देणार आहेत. त्याचा प्रश्न एकच होता. "ताई, आट्याची नळी घेऊ का बिनआट्याची? दुकानदार म्हन्ते, आट्याची घेऊन ठेव, पुढं कामी येईन."

मी स्वतः नेमबाज नाही. पण माझं पीएचडीचं काम धातूंमधल्या अवशिष्ट ताणावर आहे आणि हा प्रश्न थेट माझ्या टेबलावर येऊन पडतो. म्हटलं, त्याला दिलेलं उत्तर तुम्हालाही सांगावं.

आधी आटे म्हणजे काय ते पाहू. बाटलीच्या तोंडाला झाकण फिरवून बसवायला जसे आटे असतात, तसेच काही रायफलींच्या नळीच्या तोंडाशी बाहेरून पाडलेले असतात. त्यावर काय बसवतात? मुख्यतः तीन गोष्टी: धक्का कमी करणारा मझल ब्रेक, आवाज दाबणारा सायलेन्सर आणि वजन पुढेमागे सरकवून नळीचं कंपन जुळवणारा ट्यूनर.

आता आपल्या पोराला यातलं काय लागणार?

मझल ब्रेक आंतरराष्ट्रीय नेमबाजी महासंघाच्या नियमांत रायफलवर चालतच नाही. तसाही त्याचा उपयोग नाही. पॉइंट बावीसची गोळी साधारण 2.6 ग्रॅमची, वेग सेकंदाला 330 मीटरच्या आसपास. सहा किलोच्या रायफलला तिच्यामुळे मागे मिळणारा वेग सेकंदाला जेमतेम 14 सेंटिमीटर. हा धक्का खांद्याला नीट जाणवतही नाही. सायलेन्सरचा तर विचारही नको. आवाज किंवा ज्वाला दडवणारी जोडणी आपल्या शस्त्र नियमांत निषिद्ध गटात मोडते. राहिला ट्यूनर. तो बेंचरेस्टवाल्यांचा लाडका, आणि त्यातले कित्येक गुळगुळीत नळीवर आवळूनही बसतात.

म्हणजे आट्यांचा फायदा जवळपास शून्य. मग तोटा तरी काय? इथे माझा विषय सुरू होतो.

मॅच रायफलची नळी तोंडाशी बहुधा 22 मिलिमीटर जाड असते आणि आतलं भोक सुमारे 5.6 मिलिमीटरचं. पॉइंट बावीसला सर्रास दिसणारे आटे अर्धा इंचाचे, म्हणजे 12.7 मिलिमीटरचे. त्यासाठी तेवढ्या लांबीत नळी बाहेरून कातून बारीक करावी लागते. हिशोब मांडून बघा. व्यासांचे वर्ग घेतले तर आधी 484 वजा 31, म्हणजे 453 भाग धातू होता. नंतर 161 वजा 31, म्हणजे 130 भाग उरला. नेमक्या तोंडाशी सत्तर टक्क्यांहून जास्त धातू गेला!

"पण ताई, बाहेरून काढला ना, आतल्या भोकाला काय फरक पडते?" मामेभावाने हेच विचारलं.

बैलगाडीचं चाक आठवा. लाकडी चाकावर लोखंडाची धाव तापवून चढवतात. ती थंड होताना आक्रसते आणि सगळं चाक आवळून धरते. धाव काढली की चाकाचे सांधे सैल पडतात. नळीचंही काहीसं असंच असतं. अनेक नळ्यांमध्ये पीळ पाडताना एक कठीण 'बटन' भोकातून जोर लावून ओढतात. आतला थर कायमचा दबतो. बाहेरचा थर ताणला जातो, पण त्याला मूळ मापावर परत यायचं असतं, म्हणून तो आतल्या थराला धावेसारखा आवळत राहतो. या अडकून पडलेल्या ताणालाच अवशिष्ट ताण म्हणतात. भट्टीत तापवून तो कमी करता येतो, पण पार शून्य होईलच असं नाही. बाहेरचा थर कातला की आवळणारी धाव गेली आणि भोक काही मायक्रॉनने उघडतं.

काही मायक्रॉन म्हणजे केसाच्या जाडीच्या कितीतरी कमी. एवढ्याने काय होणार, असं वाटेल. पण पॉइंट बावीसची गोळी मऊ शिशाची असते. नळीतून जाताना ती भोकाच्या मापाची होते आणि परत फुगत नाही. शेवटच्या दोन सेंटिमीटरमध्ये भोक मोठं झालं तर ऐन बाहेर पडताना गोळी सैल होते आणि बाजूने वायू निसटतो. म्हणूनच चांगले नळी बनवणारे तोंडाशी भोक किंचित घट्ट ठेवायला बघतात.

आता पन्नास मीटरवरचा हिशोब. गोळी बाहेर पडताना फक्त 0.01 अंशाने कलली, तर लक्ष्यावर ती 8.7 मिलिमीटर सरकते. दहाच्या वर्तुळाचा व्यास 10.4 मिलिमीटर. गोळीची कड रेषेला शिवली तरी गुण मिळतो, म्हणून गोळीचं केंद्र 8 मिलिमीटरपर्यंत सरकलेलं चालतं. 8.7 झालं की दहा हुकले, 9.9 वर आलात. अंतिम फेरीत गुण दशांशात मोजतात. आपल्या कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने 2024 च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये 50 मीटर थ्री पोझिशन्समध्ये कांस्य जिंकलं, ते 451.4 गुणांवर. त्या पातळीवर दशांशाची किंमत काय असते, हे वेगळं सांगायला नको.

नळीचं तोंड ही गोळीला शेवटचा स्पर्श करणारी जागा आहे, हे जुन्या ओतकामवाल्यांनाही कळत होतं. अकोट तालुक्यात नरनाळ्यावर नवगजी तोफ पाहिली असेल तुम्ही. बऱ्याच जुन्या ओतीव तोफांचं तोंड नळीपेक्षा जाड ठेवलेलं असायचं. कारण तोंडाच्या पुढे आधार द्यायला धातूच नसतो, तिथे तडा जाण्याची भीती जास्त. त्यांची काळजी फुटण्याची होती आणि आपली मायक्रॉनची आहे, पण जागा तीच.

आणखी एक वऱ्हाडी अडचण आहे. आटे वापरायचे नसतील तर त्यांवर संरक्षक टोपी लागते, आणि ती फिरून ढिली होऊ शकते. टोपी ॲल्युमिनियमची असेल तर बघा: डिसेंबरच्या सकाळी 15 अंशांत आवळलेली टोपी मे महिन्यात अकोल्याच्या 45 अंशांत नळीपेक्षा जास्त फुगते. 20 मिलिमीटर व्यासावर हा फरक साडेसहा मायक्रॉनच्या आसपास येतो. पकड सैल झाली की तोंडावरचं वजन हलतं, कंपन बदलतं आणि काल जुळवलेलं झिरो आज जुळत नाही. पोरगं मात्र आपल्याच श्वासाला दोष देत बसतं.

आता दुसरी बाजूही सांगते, नाहीतर गणित अर्धवट राहील. जाड नळीवर, ताण नीट काढून, चांगल्या कारागिराने मोठ्या मापाचे आटे पाडले असतील तर फरक मोजताही येणार नाही. पीळ कापून पाडलेल्या नळीत मुळातच ताण कमी असतो. तेव्हा आट्याची नळी म्हणजे वाईट नळी, असं समजू नका. लक्ष्याची रेषा लांबवणारी पुढची ट्यूब मात्र तुम्हाला लागू शकते, आणि ती नियमात बसते. पण तशा कित्येक ट्यूब चिमट्यासारख्या आवळून बसतात आणि त्यांना हवं असतं सरळ, गुळगुळीत, एकसारख्या जाडीचं तोंड.

म्हणून मी मामेभावाला सांगितलं: बिनआट्याची घे. तोंडाची कड भिंगाखाली बघ, तिथे ओरखडा नको. एकाच लॉटच्या काडतुसांचे दहा-दहा गोळ्यांचे चार-पाच गट बेंचवरून मारून बघ, एका सुंदर गटावर भाळू नको. पैसे वाचले तर दोन-तीन लॉट तपासण्यात घाल, तिथे जास्त फरक सापडेल.

आणि "पुढं लागलंच तर लेथवाल्याकडून पाडून घेऊ" हा विचार डोक्यातून काढ. नळी हा शस्त्राचाच भाग आहे. 1959 च्या शस्त्र कायद्याप्रमाणे त्यात फेरफार करायलाही परवाना लागतो, गल्लीतल्या वर्कशॉपचं ते काम नाही.

त्यावर तो म्हणाला, "म्हंजे ताई, कमी असलेलंच चांगलं?" नेहमी नाही रे. पण जे लावायचंच नाही, त्याच्यासाठी नळी कापायची कशाला?