परदेशातला बटवा

परदेश प्रवासाला निघणारे स्नेही मला हल्ली दोन प्रश्न हमखास विचारतात. तिकडे थंडी किती असेल, आणि पैसे कार्डावर न्यावेत की रोख? पहिल्या प्रश्नाचे उत्तर कोणताही जाड स्वेटर देऊ शकतो. दुसऱ्याचे उत्तर मला एका रात्री स्वतःच्या फजितीतून मिळाले. स्मरणिकेच्या संपादकांनी "या वर्षी वैद्यकीय विषय सोडून काहीही लिहा" अशी सूट दिली, म्हणून ते येथे सांगतो. तरीही वैद्यकीय थोडे येईलच, त्याला माझा इलाज नाही.

नोव्हेंबर २०१८ मध्ये जर्मनीतील ड्युसेलडोर्फ येथे भरणारे 'मेडिका' हे वैद्यकीय उपकरणांचे प्रदर्शन पाहण्यासाठी मी व सौ. इंदूरहून निघालो. तयारीच्या दिवसांत सौ. एकदा म्हणाली, "अहो, थोडे सुटे पैसे हाताशी असू द्यावेत." त्यावर मी तिला छोटेसे व्याख्यान दिले. जग कुठल्या कुठे गेले आहे, युरोपात नोटा मोजत बसायला कोणाला वेळ नाही, माझ्याकडे एक क्रेडिट कार्ड आणि एक फॉरेक्स कार्ड आहे, ते पुरे. तिने सारे शांतपणे ऐकून घेतले. मग मला न सांगता, स्वतःचे पारपत्र आणि तिकीट दाखवून, शहरातल्या अधिकृत विनिमयवाल्याकडून तिने दोनशे युरोच्या नोटा घेतल्या. तेही लहान नोटांच्या रूपात, हे विशेष.

ड्युसेलडोर्फला आम्ही उतरलो, पण आमची मोठी बॅग उतरली नाही. ती दुसऱ्या दिवशी येईल असे सांगण्यात आले. त्या बॅगेत सौ.च्या दम्याची औषधे होती. पर्समधला इनहेलर प्रवासातच संपत आला होता. त्या दिवशी बोचरी थंडी होती, आणि रात्री साडेअकराच्या सुमारास तिला धाप लागू लागली. मी व्यवसायाने भूलतज्ज्ञ. इतरांच्या श्वासाची राखण करण्यात माझे आयुष्य गेले. त्या खोलीत मात्र माझ्याजवळ ना प्राणवायू होता, ना औषधाचा एक फवारा. तिच्या पाठीला कान लावल्यावर ऐकू आलेली शिट्टी मी अजून विसरलेलो नाही.

हॉटेलच्या माणसाने टॅक्सी बोलावली. रुग्णालयाच्या दारात उतरताना चालकापुढे मी मोठ्या विश्वासाने क्रेडिट कार्ड धरले. पिन दाबला, व्यवहार नाकारला गेला. पुन्हा दाबला, पुन्हा नकार. मग फॉरेक्स कार्ड काढले. त्यालाही पिन हवा होता, आणि तो ज्या बंद पाकिटात आला होता ते पाकीट इंदूरला आमच्या कपाटात सुखरूप होते. चालक सभ्य होता, पण मीटरकडे बोट दाखवून तो एकच शब्द पुन्हा पुन्हा म्हणत होता. त्याचा अर्थ रोख, हे मला भाषा न येताही कळले. तेव्हा मागच्या आसनावर धापा टाकत बसलेल्या सौ.ने पदराखालून बटवा काढला आणि वीस युरोची नोट पुढे केली. बोलण्याइतका श्वास तिच्यात नव्हता, हे माझे नशीबच म्हणायचे.

रुग्णालयात उपचार उत्तम आणि त्वरित झाले. प्रवासविम्याचे कागद व पारपत्र यांच्या प्रती त्यांनी ठेवून घेतल्या. औषधाची चिठ्ठी घेऊन आम्ही रात्रपाळीच्या औषधालयाकडे निघालो. जर्मनीत रात्री औषधालयाचे दार बंदच असते. घंटा वाजवायची, मग लहान खिडकी उघडते आणि तिच्यातून औषध मिळते. रात्रीच्या सेवेसाठी अडीच युरो जास्तीचे द्यावे लागतात. त्या खिडकीवर पाटी होती की फक्त रोख किंवा तिथल्या बँकांचे 'गिरोकार्ड' चालेल. म्हणजे माझे कार्ड धडधाकट असते, तरी येथे त्याचा उपयोग नव्हता. बटवा दुसऱ्यांदा उघडला.

सकाळी बँकेला फोन केला तेव्हा उलगडा झाला. अनोळखी देशात रात्री अचानक झालेला व्यवहार पाहून बँकेच्या यंत्रणेने कार्ड आपोआप थोपवले होते, आणि "हा व्यवहार आपणच करीत आहात काय?" असे विचारणारे तीन संदेश माझ्या भारतीय क्रमांकावर पाठवले होते. रोमिंगचा खर्च वाचावा म्हणून तो फोन मी बंद करून ठेवला होता. बँकेने तिच्या परीने माझे रक्षणच केले होते. राग कोणावर काढायचा हे मला ठरवता येईना.

परतल्यावर मी या विषयाचा थोडा अभ्यास केला. जर्मन मध्यवर्ती बँकेच्या पाहणीनुसार २०१७ साली त्या देशात दर शंभर खरेदी-व्यवहारांपैकी ७४ रोखीने होत. २०२३ पर्यंत हे प्रमाण ५१ वर आले, तरी ते निम्म्याहून अधिकच. आपण 'युरोप' असा एकच शब्द वापरतो, पण स्वीडनमध्ये रोख पैसे पाहून दुकानदार मान हलवतो, आणि जर्मनीतल्या लहान खानावळीत कार्ड पाहून. जाण्यापूर्वी त्या विशिष्ट देशाची सवय विचारून घ्यावी, हे मी तेव्हा शिकलो.

आणि तरीही सगळे पैसे रोखीत नेण्याचा सल्ला मी देणार नाही. त्याची शिक्षाही मी भोगली आहे. २०२३ मध्ये भाच्याकडे लंडनला गेलो तेव्हा, ड्युसेलडोर्फचा धडा गिरवत, जुन्या प्रवासातून उरलेले वीस-वीस पौंडांचे कागद खिशात घालून ऐटीत बसमध्ये चढलो. तेथील बसमध्ये जुलै २०१४ पासून रोख पैसे घेतच नाहीत. आणि माझ्या त्या कागदी नोटा ३० सप्टेंबर २०२२ नंतर चलनातूनच बाद झाल्या होत्या. आता प्लास्टिकच्या नोटा चालतात. बँक ऑफ इंग्लंड त्या जुन्या नोटा बदलून देते म्हणून नुकसान टळले, पण बसमधून खाली उतरावे लागले ते लागलेच. तेव्हा आमच्या एका ज्येष्ठ सरांची आठवण झाली. साठच्या दशकात ते उच्च शिक्षणासाठी इंग्लंडला निघाले तेव्हा परकीय चलनाच्या निर्बंधांमुळे खिशात फक्त तीन पौंड होते. त्यांना कार्ड की रोख हा प्रश्नच पडला नव्हता.

आज आपल्याला तो पडतो, कारण नियम उदार झाले आहेत. तरी रोख नोटांना मर्यादा आहेच. बहुतेक देशांसाठी एका प्रवासाला ३,००० डॉलर इतक्याच किमतीच्या नोटा नेता येतात. उरलेली रक्कम कार्डावर. परतल्यावर २,००० डॉलरपर्यंतच्या नोटा जवळ ठेवता येतात, त्यावरील १८० दिवसांत बँकेला परत कराव्या लागतात.

खर्चाचे गणितही पाहावे. क्रेडिट कार्डावर पुष्कळ बँका परकीय चलनाच्या व्यवहारासाठी साडेतीन टक्के जादा आकार घेतात व त्या आकारावर १८ टक्के जीएसटी. म्हणजे एक लाखाच्या खरेदीवर ४,१३० रुपये. त्याच कार्डाने यंत्रातून रोख काढली तर शुल्क वेगळे आणि व्याज त्याच दिवसापासून. हा मार्ग मी अतिदक्षता विभागापुरताच राखून ठेवतो. फॉरेक्स कार्डावर दर आधीच ठरलेला असतो, ही मोठी सोय. पण हॉटेलवाला खोली देताना काही रक्कम अनामत म्हणून अडवतो, आणि फॉरेक्स कार्डावर अडवलेली रक्कम सुटायला अनेक दिवस लागू शकतात, म्हणून तेथे क्रेडिट कार्ड द्यावे. दुकानातले यंत्र कधी कधी गोड भाषेत विचारते, "रुपयांत देणार की युरोत?" रुपयांचा आकडा पाहून आपल्याला घरचे माणूस भेटल्यासारखे वाटते, पण त्या रूपांतराचा दर बहुधा महाग असतो. युरोच निवडावे. आणखी एक: २०२० पासून रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार नवे कार्ड सुरुवातीला भारतापुरतेच चालू असते. परदेशातला वापर आपणच सुरू करून घ्यायचा असतो, आणि तो विमानतळावर नव्हे, घरी बसून. यूपीआय आता सिंगापूरसारख्या काही देशांत पोहोचले आहे, पण त्याच्या भरवशावर निघण्याचे माझे वय नाही.

मोठ्या शस्त्रक्रियेला रुग्णाच्या एकाच शिरेवर विसंबायचे नाही, दोन हातांत दोन मार्ग उघडे ठेवायचे, हे मी विद्यार्थ्यांना तीस वर्षे शिकवले. स्वतः मात्र दोन्ही कार्डे एकाच पाकिटात घालून निघालो होतो. आता एक कार्ड माझ्याकडे, दुसऱ्या बँकेचे तिच्याकडे. पिन दोघांना पाठ. बँकेचा क्रमांक फोनखेरीज कागदावरही. भारतीय फोन चालू. औषधे हातातल्या बॅगेत, हे सांगायलाच नको. आणि एक रात्रीची टॅक्सी, डॉक्टर व औषध एवढे भागेल इतकी त्या देशाची रोख रक्कम, लहान नोटांत.

ही रोख कोणी सांभाळायची याबद्दल आमच्या घरी चर्चा होत नाही. त्या दोनशे युरोंपैकी त्या रात्री नक्की किती खर्च झाले आणि किती उरले, असे मी एकदा हिशेबासाठी विचारले होते. सौ. म्हणाली, "तुमच्या कार्डाचा हिशेब बँक देते ना? माझा बटवा हिशेब देत नाही." परवा कपाट आवरताना तो बटवा हाती लागला. आत पाच युरोची एक नोट होती, थोडी नाणी होती, आणि एक नवा इनहेलर.