पडद्यावरची सरकारं

डिस्टोपिया : माणसाला व्यवस्थाच चिरडते असा, बहुधा भविष्यातला, कल्पित समाज.

• ‘नाइन्टीन एटी-फोर’ (१९८४) : जॉर्ज ऑर्वेल यांच्या १९४९च्या कादंबरीवरून. एकच पक्ष, पाळतीला टेलिस्क्रीन.

• ‘ब्राझील’ (१९८५, दिग्दर्शक टेरी गिलियम) : हुकूमशहा दिसतच नाही; दिसतात कचेऱ्या, नळ्या आणि फॉर्म. छपाईयंत्रात माशी पडते, ‘टटल’चं ‘बटल’ होतं आणि निरपराध माणूस उचलला जातो. बायकोला नवऱ्याची पावती मात्र रीतसर मिळते!

• ‘मायनॉरिटी रिपोर्ट’ (२००२) : २०५४चं वॉशिंग्टन. खुनाआधीच अटक.

• ‘चिल्ड्रन ऑफ मेन’ (२००६) : २०२७चं ब्रिटन. मूल जन्मणं थांबलेलं; निर्वासितांची धरपकड.

फरक : सत्ता नेहमी सरकारचीच नसते. ‘रोबोकॉप’मध्ये (१९८७) डेट्रॉइटचं पोलिस दल ओसीपी ही खासगी कंपनी चालवते.