घर बदलले की मांजर का बिघडते?

जुना वाडा पाडून तेथे इमारत उभी राहते. भावाभावांच्या वाटण्या होऊन एका चुलीच्या दोन चुली होतात. मुलाचे लग्न होऊन सून घरात येते, मुलगी सासरी जाते, बदलीमुळे बिऱ्हाड दुसऱ्या गावी हलते. असे बदल कोणत्याही घराला चुकलेले नाहीत. माणसे काही दिवस कुरकुरतात आणि हळूहळू रुळतात. पण त्याच घरात चार-सहा वर्षे सुखाने वावरलेले मांजर मात्र एकाएकी विचित्र वागू लागते. कालपर्यंत परसात माती उकरून जाणारे मांजर गादीवर लघवी करते, कपाटाखाली दडून बसते, जेवणाला तोंड लावत नाही, किंवा जवळ जाणाऱ्यावर पंजा उगारते.

पशुवैद्यक म्हणून काम करताना अशा मांजरांच्या मालकांकडून मी एकच वाक्य वारंवार ऐकतो : "डॉक्टर, हे मुद्दाम करतंय." मांजर डूख धरते, सूड घेते, असा पुष्कळांचा समज असतो. वाचकहो, हा समज चुकीचा आहे. घरातील बदलानंतर बिघडलेले मांजर एक तर घाबरलेले असते किंवा आजारी असते, आणि कित्येकदा दोन्ही असते. ही गोष्ट वेळेवर ओळखली तर मांजर सुधारते. न ओळखली तर त्याच्या जिवावरही बेतू शकते.

मांजराचे घर वासाचे असते

'कुत्रा माणसाला धरून राहतो, मांजर घराला' असे आपल्याकडे म्हटले जाते. यात बरेच तथ्य आहे. मांजराच्या गालांवर, हनुवटीवर, कपाळावर, पंजांच्या तळव्यांत आणि शेपटीच्या मुळाशी गंधग्रंथी असतात. मांजर दाराच्या चौकटीला, पलंगाच्या पायाला, आपल्या पायाला गाल घासते तेव्हा ते केवळ लाड करीत नसते. आपला वास तेथे लावून ठेवीत असते. हा वास आपल्या नाकाला कळत नाही. मांजराला मात्र 'ही जागा ओळखीची, येथे भीती नाही' असा भरवसा त्यातून मिळतो. शिवाय वास पारखण्यासाठी त्याच्या टाळूत नाकाखेरीज आणखी एक इंद्रिय असते. मांजर कधी कधी तोंड अर्धवट उघडून स्तब्ध उभे राहते, ते या इंद्रियाने वास घेत असते.

आता नव्या फ्लॅटचा विचार करा. तेथे रंग, सिमेंट आणि पॉलिश यांचा उग्र वास असतो. मांजराची एकही खूण नसते. वाटणी झाली तर पलंग एका घरी जातो, कपाट दुसऱ्या घरी, आणि खुणा पुसल्या जातात. नवीन माणूस आले तर नवा वास आणि नवा आवाज येतो. सर्वांत मोठा बदल बहुधा कोणाच्या लक्षातच येत नाही : कालपर्यंत उघडे असलेले खोलीचे दार आता बंद असते. ज्या खाटेवर मांजर वर्षानुवर्षे झोपले, ती खोली त्याला बंद होते. जेवणाच्या वेळा बदलतात, आणि त्याला वाढणारी आजी धाकट्या मुलाकडे राहायला गेलेली असते. मांजराची ओढ घरापुरतीच नसते, रोज वाढणाऱ्या हातावरही असते.

या बदलांचा परिणाम केवळ मनावर होत नाही. अमेरिकेतील ओहायो राज्य विद्यापीठात ३२ मांजरांवर ७७ आठवडे लक्ष ठेवण्यात आले होते. त्यांतील १२ मांजरे निरोगी होती आणि २० मांजरांना मूत्राशयाचा जुनाट विकार होता. या अभ्यासाचे निष्कर्ष २०११ साली प्रसिद्ध झाले. ज्या आठवड्यांत देखभाल करणारे माणूस किंवा दिनक्रम बदलला, त्या आठवड्यांत खाणे कमी होणे, ठरलेली जागा सोडून घाण करणे अशा तक्रारी वाढल्या. विशेष म्हणजे त्या निरोगी मांजरांतही वाढल्या. घडी विस्कटली की धडधाकट मांजरही आजाऱ्यासारखे वागू लागते, हे यावरून दिसते.

लघवी कशी करते ते पाहा

मालकाने सर्वप्रथम एक गोष्ट नीट पाहावी. मांजर खाली बसून गादीवर किंवा कपड्यांवर लघवी करते, की उभे राहून, शेपटी ताठ करून ती थरथरवत भिंतीवर फवारा मारते? पहिल्या प्रकारात त्याला नेहमीची जागा मिळत नाही, ती आवडत नाही, किंवा लघवी करताना दुखते. दुसरा प्रकार हद्द आखण्याचा आहे. शस्त्रक्रिया न झालेल्या बोक्यांत तो अधिक दिसतो. नसबंदी केल्यावर दहांपैकी सुमारे नऊ बोक्यांची ही खोड जाते किंवा पुष्कळ कमी होते.

एका घरातील उदाहरण येथे सांगण्यासारखे आहे. थोरल्या मुलाचे लग्न झाले आणि महिन्याभरात घरचा बोका नव्या सुनेच्या अंथरुणावर लघवी करू लागला. "त्याला सूनबाई खपत नाही," असे घरच्यांनी ठरवले. बोक्याला पोत्यात घालून बाजार समितीच्या आवारात सोडायचे असा बेतही झाला. त्याआधी एकदा दाखवावे म्हणून ते त्याला माझ्याकडे घेऊन आले. तपासणीत त्याच्या लघवीत रक्त आढळले. मूत्राशयाला सूज होती आणि दुखत असल्यामुळे तो मऊ जागा शोधत होता. ती खोली आधी त्याची झोपण्याची होती, सुनेशी त्याचे काही वैर नव्हते. औषध, भरपूर पाणी आणि ओसरीवर झोपायला एक जुनी गोधडी, एवढ्यावर काही आठवड्यांत तक्रार थांबली. पुढे त्याला रोज संध्याकाळी वाढण्याचे काम सूनबाईंनीच घेतले.

ही लक्षणे दिसल्यास थांबू नका

बोका वारंवार लघवीला बसतो, कुंथतो, ओरडतो, पण थेंबच पडतात किंवा काहीच होत नाही, तर त्याचा मूत्रमार्ग तुंबला आहे असे समजावे. पुष्कळ लोक याला बद्धकोष्ठ समजून एरंडेल पाजतात आणि मोलाचा दिवस घालवतात. बोक्याचा मूत्रमार्ग अरुंद असतो. तो पूर्ण बंद झाला तर उपचाराविना दोन-तीन दिवसांत बोका दगावू शकतो. अशा वेळी त्याच दिवशी, शक्य तर त्याच तासाला पशुवैद्यकाकडे न्यावे.

दुसरे लक्षण उपवासाचे. माणसाने दोन दिवस उपवास केला तर बिघडत नाही. पण मांजर, विशेषतः लठ्ठ मांजर, काही दिवस उपाशी राहिले तर अंगातील चरबी यकृतात साठून गंभीर आजार होतो. म्हणून मांजराने पूर्ण एक दिवस अन्नाला तोंड लावले नाही, तर 'भूक लागली की खाईल' म्हणून वाट पाहू नये.

आणि कृपा करून घरातील पॅरासिटामॉलची गोळी मांजराला देऊ नका. माणसाला चालणारे हे औषध मांजराचे शरीर पचवू शकत नाही. एका गोळीनेही मांजर दगावू शकते.

घर बदलताना काय करावे?

१. सामान हलवण्याच्या दिवशी मांजराला टोपलीत किंवा जाळीच्या पेटीत ठेवावे. नव्या घरी त्याला प्रथम एकच शांत खोली द्यावी. दोन-चार दिवसांनी, ते नीट खाऊ-पिऊ लागले की बाकीचे घर हळूहळू मोकळे करावे.

२. त्याची जुनी गोधडी, पोते किंवा चादर न धुता सोबत आणावी. आपल्याला ती मळकी वाटते, पण तिच्यात त्याचे जुने घर असते.

३. लपायला पुठ्ठ्याचे खोके द्यावे. नेदरलँड्समधील संशोधकांनी एका निवारागृहात नव्याने आलेल्या १९ मांजरांचा अभ्यास करून २०१४ साली निष्कर्ष मांडले. ज्यांना लपायला खोके मिळाले, त्यांचा ताण तिसऱ्या-चौथ्या दिवशी इतरांपेक्षा स्पष्टपणे कमी होता. रिकामे खोके किराणा दुकानात सहज मिळते. दडलेल्या मांजराला ओढून बाहेर काढू नये.

४. परसाची सवय असलेल्या मांजराला फ्लॅटमध्ये एका पसरट घमेल्यात वाळू किंवा माती भरून द्यावी. जुन्या परसातील थोडी माती तिच्यात मिसळल्यास त्याला लवकर उमजते. घमेले जेवणाच्या जागेपासून दूर ठेवावे व रोज स्वच्छ करावे. जितकी मांजरे, त्यापेक्षा एक घमेले जास्त असावे.

५. निदान दोन-तीन आठवडे मांजराला बाहेर सोडू नये. सोडल्यास ते जुन्या घराच्या शोधात निघते आणि रस्त्यावर वाहनाखाली सापडते. वरच्या मजल्यावर राहात असाल तर गॅलरीला व खिडक्यांना जाळी बसवावी. मांजर पडत नाही हा गैरसमज आहे.

६. जेवणाच्या वेळा जुन्याच ठेवाव्यात. शक्यतो जुन्याच माणसाने, जुन्याच ताटलीत वाढावे.

काय करू नये?

लघवी केलेल्या जागी मांजराचे नाक घासण्याची पद्धत आपल्याकडे सर्रास दिसते. त्यातून ते काहीही शिकत नाही. फक्त माणसाला घाबरू लागते, ताण वाढतो आणि लघवीही वाढते.

ती जागा फिनेलने पुसू नये. फिनेल व कार्बोलिक जातीची जंतुनाशके मांजराला विषारी असतात. पंजाला लागलेले फिनेल ते चाटून पोटात घेते. कपडे धुण्याच्या पावडरीने व कोमट पाण्याने जागा धुऊन, स्वच्छ पाणी टाकून ती पूर्ण वाळू द्यावी. गादी कडक उन्हात टाकावी. जुना वास राहिला तर मांजर पुन्हा तेथेच जाते.

नव्या माणसाने मांजराला एकदम उचलून घेऊ नये. जवळ बसावे, त्याच्याकडे रोखून पाहू नये, वाढण्याचे काम आपल्याकडे घ्यावे. घाबरलेले मांजर चावले किंवा बोचकारले तर जखम साबण व वाहत्या पाण्याने १५ मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी दवाखान्यात जाऊन रेबीजच्या लशीबद्दल विचारावे. मांजरालाही ही लस नियमित द्यावी.

घरात बाळ येणार असेल तर

सून गरोदर आहे असे कळताच मांजर घालवून देण्याचा सल्ला हमखास मिळतो. टॉक्सोप्लाझ्मा या परजीवी जंतूची भीती हे त्याचे कारण. भीती निराधार नाही, पण उपाय सोपा आहे. मांजराच्या विष्ठेतून पडलेले हे जंतू एक ते पाच दिवसांनी संसर्गक्षम होतात. घमेले रोजच्या रोज साफ केले, आणि ते काम गर्भवतीऐवजी दुसऱ्या कोणी केले, तर धोका पुष्कळ कमी होतो. हाच जंतू अर्धकच्चे मांस, न धुतलेल्या भाज्या आणि बागेतील माती यांतूनही येतो. मांजर घालवले आणि भाजी तशीच खाल्ली, तर काही साधत नाही. गर्भवतीने आपल्या डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. मांजराला कच्चे मांस देऊ नये.

सोडून देणे हा उपाय नव्हे

घरात वाढलेल्या मांजराला दूर नेऊन सोडले की ते तेथे नवे घर शोधते, असे मानले जाते. प्रत्यक्षात ती जागा तेथल्या मांजरांची असते. मारामाऱ्या, उपासमार, रोग आणि वाहने यांत त्याचा शेवट होतो. उपाशी राहील अशा स्थितीत जनावराला सोडून देणे हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हाही आहे.

म्हणून माझी सूचना अशी, की घर मोडताना किंवा मांडताना जसा भांड्यांचा आणि कपाटांचा विचार होतो, तसा मांजराचाही व्हावा. ते कोणाकडे राहील हे आधी ठरवावे. चार दिवस थोरल्याकडे, चार दिवस धाकट्याकडे, ही वाटणी मांजराला सोसत नाही. त्याला जो रोज वाढत आला, त्याच्याकडे ते राहावे. नव्या जागी रुळायला त्याला काही आठवडे लागतील, एखाद्याला दोन-तीन महिनेही लागतील. ते नव्या दाराच्या चौकटीला गाल घासू लागले, की घर त्याचे झाले असे समजावे.