पोर्तुगालची पाळी संपली तेव्हा

मुंबईचे आर्चबिशप थॉमस रॉबर्ट्स १९४६ साली धर्मप्रांताचा कारभार आपल्या साहाय्यक बिशपांवर सोपवून इंग्लंडला निघून गेले, तेव्हा ते अवघे ५३ वर्षांचे होते. बिशपाने पंचाहत्तरी गाठली की राजीनामा सादर करायचा, हा दंडक दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतरचा. त्याआधी बहुतेक बिशप मृत्यूपर्यंत पदावरच असत. मग धडधाकट माणसाने पद का सोडावे?

उत्तरासाठी थोडे मागे जावे लागते. मुंबईच्या कॅथलिकांवर शतकाहून अधिक काळ दोन सत्ता होत्या. काही चर्चेस पोर्तुगालच्या ‘पाद्रोआदो’ म्हणजे राजाश्रयाच्या हक्काखाली, तर काही रोमच्या ‘प्रोपगांडा’ या धर्मप्रसार खात्याकडे. एकाच शहरात दोन बिशपांचे अधिकार, त्यातून तंटे. या ओढाताणीत आर्चबिशप आल्बन गुडिअर यांनी १९२६ मध्ये राजीनामा दिला. दोनच वर्षांनी रोम आणि लिस्बन यांच्यात करार झाला. दमण धर्मप्रांताचा साष्टी-वसईचा भाग मुंबईला जोडला गेला, दुहेरी अंमल संपला. पण त्याची किंमत विचित्र होती. यापुढे मुंबईचा आर्चबिशप पाळीपाळीने एकदा पोर्तुगीज, एकदा ब्रिटिश असणार होता. साष्टी-वसईतले लोक पिढ्यान्‌पिढ्या मराठीत प्रार्थना म्हणत आलेले, तरी त्यांच्यातल्या कुणाची पाळी या हिशेबात नव्हतीच.

पहिली पाळी पोर्तुगीज जोआकिम लिमा यांची. १९३६ मध्ये ते वारले आणि पुढच्या वर्षी इंग्रज येशूसंघीय रॉबर्ट्स आले. इथे राहिल्यावर त्यांची खात्री पटली की या गादीवर भारतीय माणूसच हवा. अडचण अशी की त्यांनी सरळ राजीनामा दिला असता तर करारानुसार पुढची पाळी पोर्तुगालची होती. देश स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर असताना मुंबईला लिस्बनच्या मर्जीचा आर्चबिशप मिळाला असता.

म्हणून त्यांनी गादी नावापुरती स्वतःकडे ठेवली आणि काम दुसऱ्याच्या हाती दिले. कराचीत जन्मलेले, गोव्याच्या कुटुंबातले व्हॅलेरियन ग्रेशस यांचा साहाय्यक बिशप म्हणून अभिषेक २९ जून १९४६ रोजी झाला. त्यानंतर रॉबर्ट्स मुंबईत थांबलेच नाहीत. मला त्यांच्या निर्णयातला हा भाग सर्वांत मोलाचा वाटतो. उत्तराधिकारी नेमावा आणि मग त्याच्या खांद्यावरून स्वतःच बघत बसावे, असे अधिकारी आपण पुष्कळ पाहतो. रॉबर्ट्स यांनी ग्रेशस यांना चार वर्षे मोकळे रान दिले. त्याच चार वर्षांत स्वातंत्र्य आले, फाळणी झाली आणि संविधान लागू झाले. ते सारे धर्मप्रांताने एका भारतीय बिशपाच्या हाताखाली अनुभवले.

जुलै १९५० मध्ये पोर्तुगालने व्हॅटिकनशी केलेल्या नव्या करारात पाळीचा हक्क सोडला. ४ डिसेंबरला ५७ वर्षांच्या रॉबर्ट्स यांचा राजीनामा मंजूर झाला, ग्रेशस मुंबईचे पहिले भारतीय आर्चबिशप झाले. १९५३ च्या जानेवारीत ते भारताचे पहिले कार्डिनलही झाले.

रॉबर्ट्स पुन्हा कुठल्या धर्मप्रांताचे प्रमुख झाले नाहीत. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेच्या काळात त्यांनी अण्वस्त्रांविरुद्ध आणि संततिनियमनाबाबत चर्चच्या भूमिकेचा फेरविचार व्हावा म्हणून स्पष्ट मते मांडली, वरिष्ठांचा रोषही पत्करला. धर्मप्रांत सांभाळायचा नसल्यामुळे त्यांना हे बोलणे सोपे गेले, असे कुणी म्हणेल. पण मुंबई सोडताना दिसलेला निर्भीडपणाच इथेही आहे. १९७६ मध्ये लंडनमध्ये त्यांचे निधन झाले.

ग्रेशस मात्र १९७८ मध्ये मृत्यू येईपर्यंत पदावर राहिले. १९६४ मध्ये पोप सहावे पॉल युखरिस्तिक काँग्रेससाठी मुंबईत आले तेव्हा यजमान तेच होते. त्यांच्यानंतर आले मरोळचे सायमन पिमेंटा. मुंबईच्या मूळच्या ईस्ट इंडियन समाजातला, साष्टीच्या मातीतला माणूस आर्चबिशप झाला, आणि त्यासाठी लिस्बनला विचारावे लागले नाही.